गॅलनवरची ती बारीक ओळ

या सदरात मी दुधाबद्दल आधी दोनदा लिहिलं आहे. एकदा लॅक्टोज न पचणाऱ्यांसाठी, एकदा इथल्या दुधाला विरजण का लागत नाही या तक्रारीवर. तेव्हापासून टपालात दुधाची पत्रं वाढली, आणि अलीकडे त्यातली बरीचशी एकाच शब्दाभोवती फिरतात: हार्मोन. म्हणून या महिन्यात बाकीचे प्रश्न मागे ठेवले. नव्या वाचकांसाठी थोडक्यात ओळख: मी पशुवैद्य आहे, शिक्षण मुंबईत परळला झालं आणि १९९६ पासून विस्कॉन्सिनमधल्या गोठ्यांवर काम करते. मी गायीच्या बाजूची आहे, हे उत्तरं वाचताना लक्षात ठेवा.

डॉक्टर, माझी मुलगी सात वर्षांची आहे. तिच्या वर्गातल्या दोघींना आत्ताच छाती येऊ लागली आहे, असं त्यांच्या आया सांगतात. आमच्या ग्रुपवर सगळ्याजणी दुधातल्या हार्मोनना दोष देतात. सहा महिने झाले, मी ऑरगॅनिक दूधच आणते. दुधाचं बिल जवळजवळ दुप्पट झालं आहे. नवरा म्हणतो, साध्या गॅलनवरसुद्धा 'हार्मोन दिलेले नाहीत' असं लिहिलेलं असतं, मग हे कशासाठी? कोणाचं बरोबर?
— एक आई, एडिसन, न्यू जर्सी

ताई, तुमच्या यजमानांनी गॅलन फिरवून बारीक अक्षरं वाचली, हे छान केलं. पण ती ओळ नेमकी काय म्हणते ते पाहू.

हार्मोन नसलेलं दूध जगात कुठेही मिळत नाही. गाय व्यायल्याशिवाय दूध देत नाही. आणि गाभण राहणं, विणं, पान्हा सोडणं हे सगळं हार्मोनवर चालतं. त्यांचे सूक्ष्म अंश दुधात उतरतातच, मग ते ऑरगॅनिक असो, साधं असो की आईचं असो. म्हणूनच दुधावर 'हार्मोन-फ्री' लिहिणं खोटं ठरेल, असं एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, १९९४ मध्येच स्पष्ट केलं. तुमच्या गॅलनवर बहुधा असं असेल: 'आरबीएसटी न दिलेल्या गायींचं दूध'. त्या एका औषधापुरतंच ते वचन आहे.

हे आरबीएसटी म्हणजे गायीचं वाढीचं हार्मोन. गायीच्या मेंदूच्या तळाशी पिट्युटरी ग्रंथीत ते तयार होतंच. त्याचं जनुक जिवाणूंमध्ये घालून तेच हार्मोन कारखान्यात बनवलं, की त्याला आरबीएसटी म्हणतात. मोन्सँटो कंपनीच्या 'पोसिलॅक' नावाच्या इंजेक्शनला एफडीएने नोव्हेंबर १९९३ मध्ये मंजुरी दिली आणि फेब्रुवारी १९९४ पासून ते विकायला आलं. दर चौदा दिवसांनी एक इंजेक्शन दिलं की दूध साधारण १० ते १५ टक्के वाढतं.

आता तुमच्या लेकीबद्दल. हे स्त्रीत्वाचं हार्मोन नाही, एक प्रथिन आहे. डाळीतलं प्रथिन पोटात जसं पचतं तसंच हेही पचतं. मधुमेहाच्या माणसाला इन्सुलिन टोचावं लागतं, नुसतं पिऊन चालत नाही, त्याचं कारण हेच. शिवाय गायीचं हे हार्मोन माणसाच्या शरीराला ओळखूच येत नाही. १९५० च्या दशकात उंची न वाढणाऱ्या मुलांना ते थेट टोचून पाहिलं होतं, आणि काही उपयोग झाला नाही. मग लोक आयजीएफ-१ या, वाढीच्या हार्मोनमुळे शरीरात तयार होणाऱ्या दुसऱ्या घटकाकडे बोट दाखवतात. ते गायीत आणि माणसात अगदी सारखंच असतं, आणि इंजेक्शन दिलेल्या गायीच्या दुधात थोडं वाढतं, हे खरं. पण आपलं शरीर रोज स्वतःच ते कितीतरी जास्त बनवत असतं, त्यापुढे दुधातला हा फरक फार लहान आहे.

मुली लवकर वयात येताहेत हा तुमच्या ग्रुपचा भ्रम नाही, तेही सांगते. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या सतरा हजार मुलींची एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली, तेव्हा डॉक्टर मंडळीही चक्रावली होती. पण त्या पाहणीतली माहिती १९९२-९३ मध्ये गोळा केलेली होती. पोसिलॅकची पहिली विक्री व्हायच्या आधी. त्यामुळे जे दिसत होतं त्याचं खापर या इंजेक्शनवर फोडता येत नाही. बालपणातलं वाढतं वजन हे त्यामागचं एक कारण बऱ्याच अभ्यासांत दिसतं.

आठ वर्षांच्या आत छातीची वाढ सुरू झाली, तर त्या मुलीला बालरोगतज्ज्ञांना दाखवायला हवं. त्या दोन आयांना हे जरूर सांगा, दूध बदलून वाट बघत बसू नका म्हणावं. तुमच्या घरी, ती बारीक ओळ असलेला साधा गॅलन आणलात तरी लेकीच्या बाबतीत काही उणं राहणार नाही. ऑरगॅनिकची कारणं वेगळी आहेत: त्या गायींना वर्षात किमान १२० दिवस कुरणावर चरू द्यावं लागतं, आणि चाऱ्यातही कृत्रिम खतं-कीटकनाशकांना मज्जाव असतो. त्यासाठी पैसे मोजावेसे वाटले तर आनंदाने मोजा. भीतीपोटी नको.

मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलो आहे. आमच्याकडे काही ठिकाणी म्हशीला धार काढण्याआधी इंजेक्शन टोचतात. इथे सगळे ज्याला घाबरतात ते हेच का?
— निवृत्त शिक्षक, मूळ सांगली, सध्या शिकागो

नाही गुरुजी, ते ऑक्सिटोसिन. कासेत आधीच तयार असलेलं दूध ते दोन-चार मिनिटांत खाली उतरवतं, म्हणजे पान्हा फोडतं. रेडकू दगावलं की म्हैस पान्हा चोरते, तेव्हा हा आडमार्ग धरला जातो, आणि मग जनावराला त्याची सवय लागते. आरबीएसटी पान्ह्याला हातही लावत नाही. ते दूध बनवणाऱ्या पेशींना आठवडेच्या आठवडे कामाला जुंपून ठेवतं.

यात एक मुद्दा इथल्या खरेदीदारांनीही समजून घ्यावा. 'आरबीएसटी दिलेलं नाही' या ओळीत दुसऱ्या कुठल्याही इंजेक्शनबद्दल काही म्हटलेलं नसतं. इथल्या साध्या गोठ्यांत गायी ठरलेल्या दिवशी माजावर याव्यात म्हणून इंजेक्शनं देतात. मीही दिली आहेत. ऑरगॅनिकमध्ये ती चालत नाहीत.

दूध मी नीट बघून घेते. पण चीज, आइस्क्रीम, बाहेरची कॉफी यांचं काय?
— सॅन होजे, कॅलिफोर्निया

ज्या वस्तूवर ओळ आहे, त्या वस्तूपुरतंच ते वचन. कंपनीच्या दुधावर आहे म्हणून तिच्याच आइस्क्रीमवर असेल असं गृहीत धरू नका. बाहेरच्या कॉफीपुरतं सांगायचं तर स्टारबक्सने २००७ मध्ये आपल्या अमेरिकेतल्या दुकानांतून आरबीएसटी दिलेल्या गायींचं दूध बंद करायचं ठरवलं. लहान दुकानात सरळ विचारा.

मी इंजिनिअर आहे, आकड्यांवर विश्वास ठेवतो. आरबीएसटी दिलेल्या आणि न दिलेल्या गायींच्या दुधांत लक्षणीय फरक नाही असं एफडीए म्हणते. त्याच गॅलनवर तारांकित करून तेही छापलेलं असतं. मग ही 'हार्मोन नको' मोहीम म्हणजे लोकांच्या भीतीवर केलेला धंदाच नाही का?
— ऑस्टिन, टेक्सास

तुमचा अर्धा मुद्दा मला मान्य आहे. कपातल्या दुधाबद्दलची भीती अवाजवी आहे, हे वर लिहिलंच. पण तुम्ही कपापाशीच थांबलात. त्याच्या मागे एक गाय उभी आहे.

मी इथे नवीन होते तेव्हाचा एक गोठा सांगते. साठ-पासष्ट गायी, नवरा-बायको दोघं राबणारे, मदतीला शाळकरी मुलगा. पोसिलॅकच्या सिरिंजा त्यांच्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये, लोण्याच्या शेजारी असत. औषध तिळाच्या तेलात कालवलेलं, दाट. थंडीत सुईतून सरकायला वेळ घेई. शेपटीच्या बुडाशी जी खळगी असते तिथे, एकदा डावीकडे, पंधरा दिवसांनी उजवीकडे. टोचलेल्या जागी पुष्कळदा सुपारीएवढी गाठ राही. थोड्याच खेपांत गायी शहाण्या झाल्या होत्या. तो ट्रे घेऊन मुलगा मागून आला, की ओळीतल्या गायी शेपटी आत दाबून अंग चोरून उभ्या राहत.

त्यात एक्केचाळीस नंबरची गाय होती. तिसरं वेत. एरवी व्याल्यापासून दीड-दोन महिन्यांत दूध चढतं आणि मग हळूहळू उतरतं; शरीर तेवढ्यात झीज भरून काढतं, पुन्हा गाभण राहतं. एक्केचाळीसचं दूध उतरतच नव्हतं. मालक खूश होता, आणि त्याच्या जागी मीही असते, कारण त्याच्या डोक्यावर कर्ज होतं. पण तिच्या कमरेची हाडं खुंटीसारखी वर आली होती. मी सडातल्या पहिल्या धारा काळ्या जाळीच्या पेल्यात काढल्या, तर जाळीवर नासलेल्या दुधासारखे कण राहिले. जांभळ्या द्रावात तिचं दूध मिसळून थाळी फिरवली, तर चारपैकी दोन खणांत ते घट्ट होऊन जेलीसारखं लोंबायला लागलं. कासदाह. औषध सुरू असेपर्यंत आणि त्यानंतरचे ठरलेले दिवस तिचं दूध नाल्यात. मागच्या पायाचा गुडघा सुजलेला. ती पुन्हा गाभण राहिली नाही, आणि शिशिर संपायच्या आत ट्रकमध्ये चढली.

एका गायीवरून सिद्धता होत नाही, हे मला कळतं. ती इंजेक्शनाशिवायही आजारी पडली असती, असंही होऊ शकतं. पण पोसिलॅकच्या खोक्यातली सूचनांची घडी उलगडा, ती मी पाठ होईपर्यंत वाचली आहे: कासदाहाचा वाढता धोका, गाभण राहण्याचं घटतं प्रमाण, अंडाशयात गाठी, पचनाच्या तक्रारी, पायाच्या सांध्यांना सूज आणि जखमा. हे सगळं कंपनीच्याच कागदावर आहे.

आणि आता तुमच्यासाठी आकडे. कॅनडाने दोन तज्ज्ञ समित्या नेमल्या, एक माणसाच्या आरोग्यासाठी आणि एक जनावराच्या. माणसांच्या समितीला मोठा धोका आढळला नाही. जनावरांच्या समितीला कासदाहाचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी आणि लंगडण्याचा सुमारे ५० टक्क्यांनी वाढलेला दिसला. जानेवारी १९९९ मध्ये कॅनडाने या औषधाला परवानगी नाकारली ती गायीसाठी. युरोपीय संघाने १ जानेवारी २००० पासून कायमची बंदी घातली, तीही जनावरांच्या हितासाठी. पुढे २०१४ च्या एका एकत्रित अभ्यासात हे दुष्परिणाम फारसे दिसले नाहीत, हेही तुम्हाला माहीत असावं. उत्तम खाणं, मऊ गादी, हुशार गोठेवाला असेल तर गायी पुष्कळ सोसतात, हे मी स्वतः पाहिलं आहे. पण सगळे गोठे तसे नसतात, आणि गायीला आपला गोठा निवडता येत नाही.

एफडीएपुढे प्रश्न होता, औषध परिणामकारक आणि सुरक्षित आहे का. तिने त्याचं उत्तर दिलं. कासदाहाचा धोकाही तिने पाहिला होता, तो आटोक्यात ठेवता येईल असं तिचं मत पडलं. दुकानात उभ्या असलेल्या बाईचा प्रश्न वेगळा असू शकतो: दुधाचा तुटवडा नसताना, भाव पडत असताना, धडधाकट गायीला दर पंधरवड्याला टोचायचंच कशाला? हा प्रश्न विचारण्यात मला भीतीही दिसत नाही आणि धंदाही. गेली पंचवीस वर्षं मी हेच सांगते आहे, आणि माझ्याच व्यवसायातल्या काही जणांशी यावरून माझं वाजलंही आहे.

ती ओळ खरी आहे हे तपासतं कोण? दुधाची चाचणी होते का? आणि हे थांबल्याचा भुर्दंड शेतकऱ्याला पडला असेल ना?
— पती-पत्नी, कोलंबस, ओहायो

दुधाची नेहमीची चाचणी करून हे कळत नाही. गायीचं स्वतःचं हार्मोन आणि टोचलेलं हार्मोन जवळजवळ एकसारखं, आणि दुधात दोन्ही अगदी नगण्य. त्यामुळे सगळी भिस्त शेतकऱ्याच्या सहीवर. 'मी माझ्या गायींना हे देत नाही' असं तो दूध घेणाऱ्या संस्थेला लिहून देतो. प्रतिजैविकांचं तसं नाही. प्रत्येक टँकर रिकामा करण्याआधी त्यातल्या दुधाची तपासणी होते, आणि दोष सापडला तर सगळा टँकर फेकला जातो. पण सह्यांना किंमत नाही असंही समजू नका. एका टँकरमध्ये आठ-दहा गोठ्यांचं दूध एकत्र होतं. एकाने फसवलं तर सगळ्यांचं नाव जातं, आणि गावात कोणाच्या फ्रिजमध्ये काय आहे हे लपून राहत नाही.

तुम्ही ओहायोचे आहात, म्हणून थोडा इतिहास. ही ओळ छापण्यासाठी लोकांना भांडावं लागलं. मेन राज्यातल्या ओकहर्स्ट या जुन्या डेअरीवर मोन्सँटोने २००३ मध्ये खटला भरला, कारण तिने पाकिटावर शेतकऱ्यांचं वचन छापलं होतं. तडजोडीत डेअरीने 'फरक आढळलेला नाही' हा खुलासा जोडायचं मान्य केलं. पेनसिल्व्हेनियाच्या कृषी खात्याने २००७ च्या शेवटी अशा लेबलांवर बंदीच जाहीर केली होती. लोकांचा एवढा रोष झाला की जानेवारी २००८ मध्ये ती मागे घ्यावी लागली. तुमच्या ओहायोतही सरकारने निर्बंध आणले. ते न्यायालयात गेले आणि २०१० मध्ये अपील न्यायालयाने त्यातले बरेचसे उडवले.

दरम्यान दुकानांनी वाट पाहिली नाही. क्रोगरने आणि मार्च २००८ मध्ये वॉलमार्टने आपल्या नावाच्या दुधातून आरबीएसटी काढून टाकलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मोन्सँटोने पोसिलॅकचा सगळा व्यवसाय एलाय लिली कंपनीच्या एलॅन्को विभागाला ३० कोटी डॉलरला विकला. या देशात आजवर हे औषध कायद्याने बंद झालेलं नाही. जे झालं ते गिऱ्हाइकांनी विचारून विचारून झालं. मुळात ते सर्रास कधीच नव्हतं; कृषी खात्याच्या २००७ च्या पाहणीत देशातल्या १७ टक्क्यांच्या आसपास गायींना ते दिलं जात होतं.

भुर्दंडाबद्दल तुम्ही विचारलंत, याचं मला फार बरं वाटलं. बाकी कोणाच्याच पत्रात शेतकरी नव्हता. एक्केचाळीस नंबरच्या त्याच मालकाला २००८ मध्ये संस्थेचं पत्र आलं: सही करा, नाहीतर दूध उचलणार नाही. सही केल्याबद्दल शंभर पौंडामागे थोडे सेंट जादा मिळतील, असं सांगितलं होतं. ते काही वर्षं मिळाले. मग सगळ्यांचंच दूध तसं झालं आणि जादा पैसे गळून पडले. गॅलनवरची ओळ तशीच राहिली, दुकानात तिचं मोल राहिलं, फक्त गोठ्यापर्यंत काही पोचेना. तो म्हणायचा, सुया गेल्या याचं वाईट नाही, पोराचं शनिवारचं काम वाचलं. मात्र दूध कमी झालं तेवढं त्याने एकट्याने सोसलं. पुढे त्याने गायी विकल्या. तो गोठा आता रिकामा आहे.

म्हणून तुम्हाला एक सुचवते. ही ओळ आता बहुतेक गॅलनांवर आहेच, तिथे थांबू नका. गॅलनवर डेअरीचा फोन नंबर असतो. फोन करा आणि दोन गोष्टी विचारा. पहिली, तुमच्या गोठ्यांतल्या दुधाचा सोमॅटिक सेल काउंट किती असतो? कास दुखत असली की दुधात पांढऱ्या पेशी वाढतात, त्यांचा हा आकडा. अमेरिकेत एका मिलिलिटरमागे साडेसात लाखांपर्यंत चालतो, युरोपात चार लाखांपर्यंतच, आणि चांगल्या गोठ्यावर तो दोन लाखांच्या खाली ठेवता येतो. दुसरी, कमी आकडा ठेवणाऱ्या शेतकऱ्याला तुम्ही वेगळे पैसे देता का, आणि किती?

पहिल्या फोनवर उत्तर मिळणार नाही. फोन घेणाऱ्या मुलीला हे शब्दच नवे असतील. तिला लिहून घ्यायला सांगा, स्पेलिंग सांगा, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन करा. मिळालेलं उत्तर मला कळवा, ते डेअरीच्या नावासकट इथे छापीन.